हर्नियाची दुर्बीण-शस्त्रक्रिया : कशापेक्षा चांगली?

घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे आमच्या इमारतीतले सर एका रविवारी सकाळी दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. एक होते मुलुंड स्टेशनबाहेर वाटलेले गुळगुळीत रंगीत पत्रक. दुसरा होता एका खाजगी रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज. सरांच्या उजव्या जांघेत वर्षभरापासून सुपारीएवढी गाठ येते. फळ्याशी उभे राहून चार तास घेतले की ती फुगते आणि रात्री आडवे झाले की आपोआप आत जाते. दुखत फारसे नाही. डॉक्टरांनी हर्निया असल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली होती. ती जांघेवर छेद घेऊन करायची की दुर्बिणीतून, हे मात्र सरांवर सोडले होते. दुर्बिणीचा खर्च जवळजवळ दुप्पट होता.

पत्रकात चार दावे होते : छिद्र अगदी लहान, वेदना कमी, दुसऱ्या दिवशी घरी, आणि हर्निया परत होत नाही. सर म्हणाले, "ताई, तुम्ही संशोधन करता. यातलं खरं किती ते सांगा." मी म्हटले, "सर, मी डॉक्टर आहे ती प्रयोगशाळेतली. तुमची गाठ मला तपासता येणार नाही, पण हे दावे तपासता येतील." त्या तपासणीचा हा वृत्तान्त.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. पत्रकातली बहुतेक वाक्ये धडधडीत खोटी नव्हती. ती अपुरी होती. प्रत्येक वाक्यातून एक शब्द गाळलेला होता : 'पेक्षा'. वेदना कमी, पण कशापेक्षा? सुरक्षित, पण कुणाच्या हातून होणाऱ्या कोणत्या शस्त्रक्रियेपेक्षा? हा शब्द परत जागेवर ठेवला की पत्रकाचे विज्ञान होऊ लागते.

गाठ येते कुठून?

पोटाची पुढची भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांची बनलेली असते. पुरुषांत जन्माआधी वृषण पोटातून खाली उतरतात ते जांघेतल्या एका तिरक्या वाटेने. ही वाट पुढेही थोडी कमकुवत राहते. खोकताना, शौचाला कुंथताना, ओझे उचलताना पोटातला दाब वाढतो आणि पोटातल्या आवरणाची पिशवी या वाटेने बाहेर डोकावते. त्या पिशवीत चरबीचा पडदा येतो, कधी आतडे येते. हाच जांघेतला हर्निया. पुरुषांना तो स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त होतो. ब्रिटनमधल्या एका प्रसिद्ध पाहणीनुसार जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागण्याची आयुष्यभरातली शक्यता पुरुषांत सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३ टक्के होती.

इटलीच्या बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात ही वाट टाके घालून बंद करण्याची पद्धत रूढ केली. पुढची शंभर वर्षे जगभर तिचेच निरनिराळे अवतार चालले. तिची अडचण अशी, की लांबचे दोन काठ ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो. फाटलेली विजार घट्ट ओढून शिवली तर ती शेजारून उसवते, तसेच हे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लिख्टेन्स्टाईन यांनी काठ ओढायचे सोडून दिले आणि भोकावर प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी ठिगळासारखी लावली. ताण गेला आणि हर्निया परत होण्याचे प्रमाण एकदम खाली आले. ही शस्त्रक्रिया जांघेवर पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घेऊन, फक्त तेवढीच जागा बधिर करूनही करता येते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हेच ठिगळ भिंतीच्या आतल्या बाजूने लावतात. सायकलचा टायर कापला गेला तर दुकानदार आतून गेटर बसवतो. ट्यूबमधली हवा त्याला टायरवर दाबून धरते. पोटातला दाबही आतून लावलेल्या जाळीला भिंतीवर असाच दाबून धरतो. जो दाब हर्निया बाहेर ढकलतो, तोच ठिगळ जागेवर ठेवतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कल्पना अत्यंत देखणी आहे. पण कल्पना देखणी असणे आणि ती रुग्णाच्या फायद्याची असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी मोजून सिद्ध करावी लागते.

पित्ताशयाची पुण्याई

दुर्बिणीचा लौकिक मुंबईत कसा झाला ते पाहू. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या रोगांचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. १९९० मध्ये त्यांनी त्याच रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया. पंचतारांकित रुग्णालयात न होता ती एका सरकारी रुग्णालयात झाली, याला महत्त्व आहे. हे तंत्र म्हणजे श्रीमंतांची चैन नाही, उलट हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतता येते म्हणून त्याची गरज गरिबालाच जास्त, अशी उदवाडियांची भूमिका होती. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे.

पित्ताशयाच्या बाबतीत उदवाडियांचा युक्तिवाद बिनतोड होता. जुन्या पद्धतीत बरगड्यांखाली हातभर नाही तरी वीतभर छेद घ्यावा लागे आणि जाड स्नायू कापावे लागत. त्यानंतर कित्येक दिवस श्वास घेतानाही दुखे. त्याऐवजी चार लहान छिद्रे म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे दुर्बीण जिंकली.

हर्नियाने ही पुण्याई उसनी घेतली. पत्रकांत 'दुर्बिणीचे फायदे' म्हणून जी यादी असते ती बऱ्याचदा पित्ताशयाचीच असते. पण हर्नियाच्या बाबतीत प्रतिस्पर्धी वेगळा आहे. तो वीतभर छेद नाही, पाच-सहा सेंटिमीटरचा उथळ छेद आहे. प्रतिस्पर्धी आधीच इतका सौम्य असेल तर त्याच्यावर मात करायला जागा थोडीच उरते. दुर्बीण तीच, पण 'कशापेक्षा' बदलले की उत्तर बदलते.

छिद्र लहान, आतली जागा मोठी

आता पहिला दावा. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचे आणि खाली अर्ध्या सेंटिमीटरची दोन, अशी तीन छिद्रे असतात. हे खरे आहे. पण छिद्राच्या आकारावरून आतल्या कामाचा आकार ठरत नाही. दाराच्या फटीतून पत्र टाकता येते, तसे फटीतून हात घालून कुशल माणूस अख्खी खोलीही रंगवू शकेल. आत बसवायची जाळी साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी असते. ती सपाट पसरण्यासाठी पोटाची भिंत आणि पोटातले आवरण यांच्यामध्ये तळहाताहून मोठी जागा मोकळी करावी लागते.

ही जागा फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडतात. हाच वायू का, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवता येतो. शिवाय तो रक्तात सहज विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. दाब पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर इतका ठेवतात. एवढ्या तयारीसाठी बहुधा संपूर्ण भूल द्यावी लागते. सुदृढ माणसाला त्याचे विशेष काही नाही, पण हृदय किंवा फुप्फुसे अशक्त असलेल्या वृद्धाला जागा बधिर करून होणारी शस्त्रक्रिया जास्त मानवू शकते.

आतल्या बाजूने पाहिले तर शेजारही ओळखीचा नसतो. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जिथे असतात त्या भागाला शल्यचिकित्सकांनीच 'सर्वनाशाचा त्रिकोण' अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्याला लागून 'वेदनेचा त्रिकोण' आहे. त्यातून मांडीच्या संवेदना नेणाऱ्या नसा जातात, म्हणून तिथे जाळी टाचायची नाही असा दंडक आहे. समोर मूत्राशय आणि मागे आतडी असतात. तेव्हा त्वचेवरची खूण लहान राहते म्हणून शस्त्रक्रियाच लहान झाली, असे म्हणता येत नाही.

हजारात किती?

मग दुर्बीण धोक्याची म्हणायची का? इथे घाई करू नये. २००३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात ४१ चाचण्या आणि ७,१६१ रुग्ण होते. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक केलेली होती. त्यामुळे तरुण-तगडे रुग्ण एका गटात आणि म्हातारे दुसऱ्यात, असा पक्षपात टळतो.

मूत्राशय, आतडे यांसारख्या अवयवांना इजा दुर्बिणीच्या गटात २,३१५ पैकी ८ जणांना झाली, तर छेदाच्या गटात २,५९९ पैकी एकाला. हे दोन प्रकारे सांगता येते. 'दुर्बिणीत इजेचा धोका नऊपट!' हे खरे आहे. 'इजेचा धोका हजारी साडेतीन, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी' हेही खरे आहे. विरोधक पहिले वाक्य छापतो आणि जाहिरातदार दुसरे. विद्यार्थ्याला दोन्ही वाक्ये एकाच आकड्यांतून काढता आली पाहिजेत.

आता दुसरे पारडे. टिकून राहिलेली वेदना दुर्बिणीच्या गटात २,१०१ पैकी २९० जणांना होती, तर छेदाच्या गटात २,३९९ पैकी ४५९ जणांना. म्हणजे हजारी १३८ विरुद्ध १९१. निरनिराळ्या चाचण्यांतले आकडे असे सरळ जोडणे काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरते. जांघेतला बधिरपणाही दुर्बिणीत कमीच आढळला.

थोडक्यात, हजार माणसांवर छेदाऐवजी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली तर पन्नासेक जणांची दीर्घकाळची वेदना टळते आणि तिघा जणांना अवयवाची इजा जास्त होते. कोणते पारडे जड? इजा जागेवरच लक्षात आली तर बहुधा शिवता येते. आतड्याची इजा लक्षात आली नाही तर जिवावर बेतू शकते. उलट वर्षानुवर्षे ठणकणारी जांघ जीव घेत नाही, पण रोज जिना चढणाऱ्या आणि लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाचे जगणे नकोसे करते. गणित इथवर आणून सोडते. पुढचे वजन ज्याचे त्याने करायचे, पण त्यासाठी दोन्ही पारडी त्याच्यासमोर ठेवलेली हवीत. पत्रकात एकच होते.

आणि 'दुसऱ्या दिवशी घरी'? याच आढाव्यात रुग्णालयातल्या मुक्कामात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. छेद घेतलेला रुग्णही त्याच सुमारास घरी जातो. नेहमीच्या कामाला लागण्यात मात्र दुर्बिणीचे रुग्ण सुमारे सात दिवस आधी होते. खरा फायदा हा आहे. तो सोडून पत्रकाने नसलेला फायदा छापला होता.

कुणाच्या हातून?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर हर्निया परत झालेले रुग्ण दुर्बिणीच्या गटात ८६२ पैकी ८७ होते, म्हणजे १०.१ टक्के. छेद घेऊन जाळी लावलेल्या गटात ते ८३४ पैकी ४१ होते, म्हणजे ४.९ टक्के. सुरुवातीची वेदना दुर्बिणीत कमी होती, पण कामावर परतण्यातला फरक होता फक्त एका दिवसाचा.

हा निकाल वाचून दुर्बिणीच्या टीकाकारांना आनंद झाला. पण या चाचणीलाही तोच काटा लावला पाहिजे. तिच्यात भाग घेण्यासाठी शल्यचिकित्सकाने त्या पद्धतीच्या किमान २५ शस्त्रक्रिया केलेल्या असणे पुरेसे होते. ज्यांनी २५० हून अधिक केल्या होत्या, त्यांच्या हातून झालेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत परत होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली होते. शिवाय एकदा परत झालेल्या हर्नियावर पुन्हा शस्त्रक्रिया करताना दोन पद्धतींतला हा फरक दिसला नाही. म्हणजे चाचणीने मोजले ते केवळ तंत्र नव्हते. शिकत असलेल्या हातांतले तंत्र तिने मोजले.

उलट बाजूचे उदाहरणही पाहा. १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत दुर्बीण सरस ठरली : हर्निया परत होण्याचे प्रमाण ३ टक्के विरुद्ध ६ टक्के. पण तिथे छेदाच्या गटात जाळी न लावता जुन्या पद्धतीने टाके घातलेले होते. तेव्हा ती दुर्बीण आणि छेद यांची तुलना होती, की जाळी आणि टाके यांची? दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर परिणाम कशाचा ते कळत नाही, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. मोठ्या नियतकालिकातला लेख वाचतानाही ते विसरू नये.

पुरावा वाढला की मतही बदलते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००१ मध्ये पहिल्यांदा झालेल्या हर्नियासाठी छेदाच्या पद्धतीला पसंती दिली होती. तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, तिने दुर्बिणीला एक पर्याय म्हणून मान्यता दिली. मात्र अट घातली : रुग्णाला सगळी माहिती द्यावी आणि शस्त्रक्रिया प्रशिक्षित व नियमित सराव असलेल्या शल्यचिकित्सकानेच करावी. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर एका बाजूच्या साध्या हर्नियासाठीही पुरुषांत दुर्बिणीची शिफारस केली, कारण तिच्यात वेदना कमी. पण शिफारशीच्या शेपटीला तीच अट आहे : त्यात तरबेज शल्यचिकित्सक आणि पुरेशी साधने असतील तर. हात बसायला ५० ते १०० शस्त्रक्रिया लागतात, असेही ती तत्त्वे सांगतात. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर तो परत झाला असेल किंवा रुग्ण स्त्री असेल, तर दुर्बिणीची बाजू आणखी भक्कम होते. सरांना पत्रक मिळाले होते ते या शिफारशीचे, फक्त शेपटी कापून.

शेपटी कापण्याची सवय यंत्राबरोबर वाढते. आता मुंबईत यंत्रमानवाच्या मदतीने होणाऱ्या हर्निया-शस्त्रक्रियेच्याही जाहिराती दिसतात. २०२० मध्ये अमेरिकेत १०२ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. साध्या दुर्बिणीपेक्षा यंत्रमानवाने रुग्णाचा काही फायदा झालेला तिला आढळला नाही. वेळ आणि खर्च मात्र वाढला. चाचणी लहान आहे, अखेरचा शब्द नव्हे. पण 'कशापेक्षा' हा प्रश्न तिने योग्य जागी विचारला.

'परत होत नाही' : किती दिवस पाहिले?

चौथ्या दाव्याशी माझे घरचे नाते आहे. माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकात उपनगरातल्या एका रुग्णालयात झाली होती, टाके घालून. चौथ्या वर्षी गाठ परत आली. तोवर आम्ही दुसऱ्या उपनगरात राहायला गेलो होतो. वडील सोयीच्या दुसऱ्या रुग्णालयात गेले आणि तिथे पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पहिल्या डॉक्टरांना हे कधीच कळले नाही. त्यांना कळवावे असे आमच्यापैकी कुणाला सुचलेही नाही. त्यांच्या हिशोबात माझे वडील आजही बरे झालेल्या रुग्णांत मोडत असतील.

डॉक्टर खोटे बोलत नव्हते. 'माझ्या रुग्णांत हर्निया परत होत नाही' असे ते म्हणाले असतील तर त्याचा अर्थ एवढाच, की परत आलेला रुग्ण त्यांच्याकडे परत आला नाही. मुंबईचे उपनगर म्हणजे सतत हलणारी वस्ती. घाटकोपरच्या चाळीतून माणूस डोंबिवलीला जातो, बोरिवलीहून विरारला जातो, निवृत्त झाला की कोकणातल्या गावी. जो शोधला जात नाही तो आपोआप 'बरा' ठरतो. वर सांगितलेल्या माजी सैनिकांच्या चाचणीतही शस्त्रक्रिया झालेल्या १,९८३ जणांपैकी दोन वर्षांपर्यंत १,६९६ जणांचाच माग राहिला. तिने तो आकडा छापला, हा तिचा प्रामाणिकपणा. स्वीडनने १९९२ पासून हर्नियाच्या शस्त्रक्रियांची देशपातळीवरची नोंदवही ठेवली. रुग्ण दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा शस्त्रक्रिया करवून घेतो तेव्हा त्याची नोंद पहिल्या शस्त्रक्रियेशी जुळवता येते. राजावाडी, कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांपासून गल्लीतल्या लहान नर्सिंग होमपर्यंत साऱ्यांना जोडणारी अशी नोंदवही आपल्या शहराला लाखमोलाची ठरेल.

याच संदर्भात एक छोटे गणित. समजा डॉक्टर म्हणाले, "मी शंभर शस्त्रक्रिया केल्या, एकातही गंभीर इजा नाही." मग धोका शून्य का? खरा धोका ३ टक्के असेल, तरी शंभर वेळा सलग काही न होण्याची शक्यता ०.९७ चा शंभरावा घात, म्हणजे जवळजवळ ५ टक्के येते. म्हणून शंभरात शून्य याचा अर्थ 'धोका बहुधा ३ टक्क्यांहून कमी' इतकाच. तीनला प्रयोगांच्या संख्येने भागायचे, असा हा सोपा नियम आहे. हजारी तीन इतका दुर्मीळ धोका शंभर अनुभवांत बहुधा दिसणार नाही. म्हणून एका माणसाचा अनुभव, मग तो डॉक्टरांचा असो की शेजाऱ्याचा, चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

दोंडाईच्याची मच्छरदाणी

'कशापेक्षा' या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, पैशाची. तिचे उत्तर मुंबईबाहेर सापडले. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर धुळे जिल्ह्यात दोंडाईचा हे गाव आहे. तिथले शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यापुढे अडचण अशी होती, की जाळी लावावी हे पटलेले, पण बाजारातली आयात जाळी शेतमजुराला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीचे कापड तपासले. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या संयुक्त धाग्याचे ते कापड गुणाने वैद्यकीय जाळीच्या जवळचे निघाले. ते निर्जंतुक करून त्यांनी हर्नियासाठी वापरले आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह २००३ मध्ये शल्यचिकित्सकांच्या भारतीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. किंमत बाजारातल्या जाळीच्या तुलनेत नगण्य होती.

त्या लेखावरही टीका करता येते, आणि केली पाहिजे. त्यात यादृच्छिक विभागणीने निवडलेला तुलनेचा गट नव्हता. पण चांगल्या निरीक्षणाचे काम पुढचा प्रश्न उभा करणे हे असते. तो उभा राहिला. २०१६ मध्ये पूर्व युगांडातल्या ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी आणि महागडी वैद्यकीय जाळी यांची रीतसर चाचणी झाली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत झाला होता, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. इतर तक्रारी दोन्हीकडे तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सारख्याच. वर्षभरानंतरही सुमारे ९५ टक्के रुग्णांचा माग ठेवला गेला होता. यंत्रसामग्री कमी असली तरी मोजणी काटेकोर ठेवता येते, हे त्यांनी दाखवले.

गैरसमज नको म्हणून सांगते. कोणतीही मच्छरदाणी चालत नाही. कीटकनाशक लावलेली तर मुळीच नाही. धागा कोणता आणि तो निर्जंतुक करताना किती तापमान सोसतो, यावर सारे अवलंबून आहे. शिवाय ही चाचणी छेदाच्या शस्त्रक्रियेतली होती, दुर्बिणीतली नव्हे. तिचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा : दुर्बिणीची तुलना आता केवळ छेदाशी करून भागणार नाही. जागा बधिर करून, स्वस्त जाळी लावून होणाऱ्या छेदाच्या शस्त्रक्रियेशी ती करावी लागेल. उदवाडिया आणि टोणगावकर या दोघांनीही आपापल्या जागी गरीब रुग्णाचाच विचार केला होता. एकाने त्याचे बुडणारे दिवस वाचवायचे ठरवले, दुसऱ्याने त्याचे पैसे. कोणाला काय जास्त महाग पडते, ते रुग्णागणिक बदलते.

सरांचे प्रश्न

पत्रकात न छापलेला तिसराही पर्याय होता : काहीच न करणे. २००६ मध्ये उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. हर्नियाचा त्रास अगदी कमी असलेल्या या पुरुषांपैकी काहींची लगेच शस्त्रक्रिया केली, काहींना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. निरीक्षणाखालच्यांत आतडे अडकून तातडीची वेळ येण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी होते. मात्र दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्याने, आणि दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच, बहुतेकांनी वेदना वाढली म्हणून. म्हणजे थांबणे सुरक्षित आहे, पण ते बहुधा पुढे ढकलणेच ठरते. हा निष्कर्ष स्त्रियांना लागू नाही. त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका जास्त असलेला प्रकार अधिक आढळतो. आणि गाठ आत जाईनाशी झाली, खूप दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर कुणीही आकडेवारी काढत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

हे सगळे ऐकून सरांनी वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहिले. माझा त्रास पाहता थांबता येईल का? तुम्ही स्वतः या पद्धतीच्या किती शस्त्रक्रिया केल्या आणि दर महिन्याला किती करता? तुमच्या रुग्णांचा माग किती वर्षे ठेवता आणि कसा? माझ्यासाठी कोणती भूल, आणि का? छेदाची पद्धत निवडली तर मी नेमके काय गमावेन?

ते पान घेऊन सर दोन ठिकाणी गेले. एका ठिकाणी त्यांना पत्रकाचीच दुसरी प्रत मिळाली. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पाचही प्रश्नांची उत्तरे दिली. तिसऱ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "वर्षभर फोन करते. त्यानंतर निम्मे नंबर बदललेले असतात." सरांना हे उत्तर सगळ्यांत आवडले. वार्षिक परीक्षा होईपर्यंत थांबायचे आणि मे महिन्यात बाईंकडेच शस्त्रक्रिया करून घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. पद्धत कोणती, ते दोघांनी मिळून ठरवायचे आहे.

पत्रक मात्र त्यांनी टाकून दिले नाही. नववीच्या वर्गात ते फळ्यावर चिकटवले आणि मुलांना सांगितले, की प्रत्येक वाक्यात 'पेक्षा' हा शब्द कुठे बसतो ते शोधा. पहिला हात वर आला तो मागच्या बाकावरून. "सर, या वाक्यात तो बसतच नाही," मुलगी म्हणाली. ते चौथे वाक्य होते.